बॅगेची चेन पुन्हा पुन्हा फाटते, कुलूप उघडं सापडतं, बाटली सांडते: कारणं आणि उपाय

बॅग नवी घेतली, दोन-चार प्रवास झाले आणि चेन परत उसवली, ही तक्रार वारंवार कानावर येते. मग दुसऱ्या कंपनीची बॅग घेतली जाते, कापडीऐवजी कडक कवचाची घेतली जाते, आणि थोड्याच दिवसांत तिचाही तोच कोपरा उघडा पडतो. वेगवेगळ्या बॅगांना एकच दुखणं होत असेल तर कारण भरण्याच्या पद्धतीत शोधायला हवं. चेनचं काम दोन कडा जोडून ठेवण्याचं आहे. सामान दाबून धरण्यासाठी बॅगेच्या आत पट्टे दिलेले असतात. ते पट्टे आपण लावत नाही, सगळा दाब चेनवर येतो, आणि वाटेत बॅग आपटली की चेन हार मानते. कुलूप, चाकं, सांडणाऱ्या बाटल्या यांचीही बरीचशी दुखणी याच मुळाशी जातात, म्हणून सुरुवात चेनपासून करू.

चेन: आधी दोष ओळखा

"चेन गेली" म्हणजे काय झालं हे नीट पाहिल्याशिवाय उपाय करू नका. चेन बिघडण्याचे प्रकार वेगळे आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत.

रनर पुढे जातो, पण त्याच्या मागे दाते उघडेच राहतात, हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. लोकांना वाटतं दाते झिजले. बॅगांच्या चेन बहुतेक नायलॉनच्या वेटोळ्याच्या असतात आणि ते वेटोळं सहसा चिवट असतं. फाकतो तो रनर. रनर डोळ्यांसमोर आडवा धरून बाजूने बघा. त्याला वर-खाली दोन पत्रे असतात. एका टोकाला, जिथून दाते वेगवेगळे आत शिरतात, तिथे मधोमध दांडी असते. दुसऱ्या टोकाने दाते जुळून बाहेर पडतात. या दुसऱ्या टोकाकडे पत्र्यांमधली फट वाढली की दाते पुरेसे दाबले जात नाहीत आणि चेन मागे उघडी राहते. उपाय असा: रनर चेनच्या सुरुवातीला न्या, लहान पक्कड घ्या आणि दाते जुळून बाहेर पडतात त्या टोकाची डावी कड अगदी हलकी दाबा, मग तेवढीच उजवी. चेन ओढून बघा. बंद होत नसेल तर आणखी थोडं दाबा. एकदम जोर लावू नका, कारण फट जास्त मिटली तर रनर अडकतो, आणि तो परत फाकवायला गेलात तर पत्रा तुटतो. दांडीच्या बाजूला पक्कड लावायचीच नाही.

हा उपाय एखाद-दोन वेळा चालतो. तोच रनर पुन्हा फाकला तर बदलून घ्या. रनरच्या पाठीवर बहुधा ५, ८ किंवा १० असा आकडा कोरलेला असतो. तो चेनचा आकार आहे, बंद दात्यांची मिलिमीटरमधली साधारण रुंदी. नवा रनर त्याच आकड्याचा आणि त्याच प्रकारच्या चेनचा हवा. नायलॉनच्या चेनचा रनर धातूच्या दात्यांवर बसत नाही. पूर्ण चेन बदलण्याची गरज खरं तर क्वचितच पडते, हे दुरुस्तीला देण्याआधी माहीत असलेलं बरं.

दुसरा प्रकार म्हणजे चेन एकाच जागी, बहुतेक वेळा कोपऱ्यावर, मधूनच फुटते. तिथे आतून काहीतरी टोचत असतं: बुटाची टाच, चार्जरचा ठोकळा, जाड पुस्तकाचा कोपरा. रनर मागे नेऊन पुन्हा पुढे आणला की चेन जुळते आणि आपण विसरून जातो. पुढच्या आपटीला ती त्याच जागी पुन्हा फुटते. ज्या जागी फुटली त्याच्या मागे आत काय आहे ते बघा आणि ती वस्तू तिथून हलवा. एवढं केलं तरी अर्धा त्रास संपतो. चेनची पट्टी बॅगेच्या कापडापासूनच सुटली असेल तर मात्र तो शिवणीचा दोष आहे. तो निघायच्या आधी शिवून घ्या. चिकटपट्टी लावून तो प्रवासाला पुरत नाही.

कापड चेनमध्ये अडकलं तर रनर पुढे रेटू नका. आला तसा मागे घ्या आणि त्याच वेळी कापड चेनपासून आडवं, सपाट ओढा. चेन जड चालत असेल तर दात्यांवर मेणबत्ती घासा किंवा कोरडा साबण फिरवा. तेल अजिबात नको: त्याला धूळ चिकटते, आणि आतल्या कपड्यांवर डाग पडतात ते वेगळंच.

बॅग बंद झाली की नाही, हे कसं ओळखायचं

माझा एक ठाम नियम आहे: रनर दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे. बॅगेवर गुडघा ठेवावा लागला, कोणाला वर बसवावं लागलं, तर त्या बॅगेतून काहीतरी बाहेर काढायची वेळ झाली आहे. घरी चेन कशीबशी लागली तरी माल चढवताना-उतरवताना तीच बॅग इतर बॅगांखाली दाबली जाते, उंचावरून टाकली जाते, विमानतळाच्या सरकत्या पट्ट्यावरून घसरत येते. त्या धक्क्यासाठी चेनमध्ये काहीच ताकद शिल्लक राहिलेली नसते.

भरताना बॅग आडवी ठेवलेली असते, पण प्रवासात ती उभी असते. ही गोष्ट लक्षात ठेवली की मांडणी आपोआप बदलते. चाकांकडची बाजू हा तुमच्या बॅगेचा तळ. बूट, पुस्तकं, साधनांची पेटी असं जड सामान त्या बाजूला. हलकं आणि चुरगळणारं हँडलकडे. उलटं केलंत तर बॅग उभी राहत नाही, पुढे कलंडते, आणि जड वस्तू वाटेत खाली सरकून कपड्यांचा लगदा करते.

आता एक तपासणी, जी मी दर वेळी करायला सांगेन. बॅग भरून झाली की चेन लावा, बॅग चाकांवर उभी करा आणि जमिनीवर दोन-तीनदा हलकेच आपटा. मग पुन्हा आडवी करून उघडा. हँडलच्या बाजूला चार बोटांची पोकळी पडलेली दिसेल आणि चाकांकडे सगळं दाटलेलं असेल. प्रवासात होणार आहे तेच तुम्हाला आधी दिसलं. पोकळीत मोजे, टॉवेल, मऊ स्वेटर कोंबा. बुटांच्या आत मोजे आधीच गेलेले असावेत. मग आतले आडवे पट्टे ओढून बक्कल लावा, इतके घट्ट की कपडे हाताने सरकवले तरी सरकू नयेत. सगळ्यात शेवटी चेन. पट्टे लावल्यावर दोन्ही कडा आपोआप जवळ येतात आणि चेनला ओढाताण करावी लागत नाही. कडक कवचाच्या बॅगेत दोन भाग असतात. पट्टे असलेल्या भागात जड आणि घट्ट सामान, जाळीच्या भागात कपडे. दोन्ही भाग काठोकाठ भरून मग एकमेकांवर मिटायचे ठरवलं तर बिजागरीच्या समोरचे दोन कोपरे फुटणार.

टी-शर्ट, पायजमे, अंतर्वस्त्रं गुंडाळून भरली की फटींमध्ये छान बसतात. कडक कापडाचे शर्ट आणि जाड पँट सपाट घडीतच बऱ्या. हवा काढून टाकायच्या पिशव्यांचा मात्र मोह आवरा. जागा कमी लागते, वजन तेवढंच राहतं, आणि मोकळी झालेली जागा आपण भरतोच. येताना त्याच पिशव्यांतली हवा तितकी निघत नाही आणि बॅग मिटत नाही.

बॅग रुंद करायची जादा चेन उघडून निघू नका. ती उघडली की बॅगेचा तोल जातो, कडा ढिल्या पडतात आणि मापही वाढतं. बऱ्याच विमान कंपन्या चेक-इन बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर धरतात. ती चेन परतीसाठी राखून ठेवा.

कुलूप होतं, तरी बॅग उघडी सापडली

याचं उत्तर बऱ्याच लोकांना धक्का देतं. नायलॉनच्या चेनमध्ये साध्या बॉलपेनचं टोक खुपसलं की दाते वेगळे होतात. बॅग उघडते. काम झालं की कुलपाने जोडलेले दोन्ही रनर तसेच चेनवरून एकदा इकडून तिकडे फिरवले की चेन पुन्हा जुळते. कुलूप जागच्या जागी, आकडे तुम्ही ठेवले तसे, आणि आतली वस्तू गायब. दोन रनर फक्त एकमेकांना अडकवणारं लोंबतं कुलूप यापुढे काही करू शकत नाही.

उपाय रनर जागेवर खिळवण्याचा आहे. बॅगेच्या अंगातच बसवलेलं कुलूप असेल तर रनरची टोकं त्यात अडकतात आणि फिरत नाहीत. तसं असेल तर तेच वापरा. नसेल तर कुलपाची तार दोन्ही रनरमधून घेऊन बाजूच्या हँडलमधूनही ओवा. मग कोणी चेन फोडली तरी रनर फिरवून ती पुन्हा मिटवता येणार नाही, म्हणजे चोरी लपणार नाही. पेनाने फुटायला अवघड अशा दुहेरी वेटोळ्याच्या चेन येतात, आणि चेनच नसलेल्या, चौकट आणि खटक्यांच्या बॅगाही येतात. नेहमी चेक-इन बॅग द्यावी लागत असेल तर नवी घेताना हे जरूर बघा.

टीएसए कुलपाबद्दलही बरेच गैरसमज आहेत. टीएसए ही अमेरिकेतली प्रवास-सुरक्षा संस्था, आणि तिच्या कर्मचाऱ्यांना बॅग उघडून तपासायचा अधिकार आहे. टीएसए खूण असलेलं कुलूप ते मास्टर किल्लीने उघडून परत लावू शकतात. दुसरं कुलूप असेल तर तोडलं जाऊ शकतं. त्या मास्टर किल्ल्यांचा फोटो २०१४ साली एका वर्तमानपत्रात छापला गेला आणि २०१५ मध्ये त्यावरून थ्रीडी प्रिंटरने किल्ल्या तयार करता येतील असे आराखडे इंटरनेटवर आले. म्हणून टीएसए कुलूप घ्या ते तोडफोड टाळण्यासाठी. चोरापासून संरक्षण म्हणून त्याच्यावर विसंबू नका. दागिने, रोकड, कागदपत्रं, रोजची औषधं, लॅपटॉप, कॅमेरा यांची जागा हातातल्या बॅगेत, कितीही चांगलं कुलूप असलं तरी.

आकड्यांचं कुलूप उघडत नसेल तर घाबरू नका. पुष्कळदा एखादी चकती दोन आकड्यांच्या मध्ये अडकलेली असते. खटका हलका ओढून धरा आणि प्रत्येक चकती सावकाश फिरवा. मग तुमच्या आकड्यातला एकेक अंक एकाने कमी-जास्त करून बघा, कारण आकडा ठरवताना चकती सरकली असेल तर ती बहुधा एका घरानेच सरकलेली असते. तरीही नाही उघडलं तर ०००पासून ९९९पर्यंत एकूण १,००० जोड्या आहेत. कंटाळवाणं काम, पण बसल्या जागी होणारं. हा प्रसंगच येऊ नये म्हणून नवा आकडा बॅग उघडी असतानाच ठरवा, आणि बंद करण्यापूर्वी तो दोन-तीनदा चालवून बघा.

चेन बांधायच्या रंगीत प्लास्टिकच्या पट्ट्याही कामाच्या आहेत. त्या चोराला अडवत नाहीत, पण कोणी बॅग उघडली हे लगेच कळतं. कापायला कात्री लागेल, ती मात्र त्याच बॅगेच्या आत ठेवू नका. बाहेरच्या कप्प्यात ठेवा.

बस किंवा रेल्वेत साखळीने बॅग बांधताना साखळी मुख्य हँडलमधून घ्या आणि डब्याच्या पक्क्या लोखंडी भागाला अडकवा. चेनच्या कडीत किंवा लोंबत्या पट्ट्यात अडकवलेली साखळी एका हिसक्यात सुटते.

शाम्पू, तेल, शाई सांडते

झाकण घट्ट लावलं होतं, तरी बाटली गळली? विमानात दोष हवेचा असतो. उडताना विमानातला हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवलेला असतो. २,४०० मीटरला तो समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश भरतो. सामानाच्या तळघरातही जवळपास तोच दाब असतो. म्हणजे बाटलीत अडकलेली हवा फुगून सव्वा पटीहून जास्त जागा मागते आणि पुढ्यात असलेल्या शाम्पूला झाकणाकडे ढकलते. अर्धी भरलेली बाटली काठोकाठ भरलेल्या बाटलीपेक्षा जास्त गळते ती यामुळे.

मऊ बाटली असेल तर झाकण लावताना ती दाबून हवा बाहेर काढा आणि दाबलेल्या स्थितीतच झाकण फिरवा. बाटली किंचित आत गेलेली दिसली पाहिजे. वर गेल्यावर आतली हवा फुगली तरी तिला जागा मिळते. तोंडावर प्लास्टिकचा तुकडा ठेवून वरून झाकण लावा, मग बाटली बंद होणाऱ्या पिशवीत. पंपाची बाटली शक्यतो नेऊच नका; नेलीत तर पंप फिरवून कुलूपबंद करा आणि मानेला चिकटपट्टी गुंडाळा. शाईचं पेन एक तर पूर्ण भरलेलं किंवा पूर्ण रिकामं, आणि टोक वर करून. रस्त्याच्या प्रवासात कारण वेगळं असतं: गाडीच्या सततच्या थरथरीने झाकण हळूहळू ढिलं होतं. तिथे झाकण आणि बाटली जोडणारी चिकटपट्टी पुरते.

हातातल्या बॅगेसाठी द्रवाचा १०० मिलिलिटरचा नियम २००६ सालापासून आहे. नव्या तपासणी यंत्रांमुळे काही विमानतळांनी तो सैल केला आहे, पण परतीच्या विमानतळावर तो लागू असू शकतो. मोजला जातो तो बाटलीचा आकार. २०० मिलिलिटरच्या बाटलीत तळाशी थोडंसं उरलं असेल तरी ती अडते.

काचेची वस्तू बॅगेच्या अगदी मध्ये, कोणत्याही भिंतीला न टेकता, चारही बाजूंनी कपड्यांचा जाड थर देऊन. पोकळ असेल तर तिच्या आतही कापड भरा.

चाकं, हँडल, लोंबते पट्टे

चाक अडकत असेल तर आधी आसाभोवती गुंडाळलेले केस आणि दोरे काढा. बऱ्याचदा एवढंच असतं. लांब होणारं हँडल ओढण्यासाठी आहे, त्याला धरून भरलेली बॅग उचलायची नाही. बॅग देण्यापूर्वी ते पूर्ण आत ढकला, नाहीतर पहिल्याच आपटीत दांडी वाकते आणि पुढे कधी नीट आत जात नाही. बॅगेला बाहेरून पट्टा बांधायला हरकत नाही, पण त्याचं मोकळं टोक बक्कलमध्ये खोवा. लोंबतं टोक सरकत्या पट्ट्यांत अडकतं आणि बॅगेला बरोबर ओढून फाडतं. पाठीवरच्या सॅकचे सगळे बंद बांधून तिला खोळ घाला.

गाडीच्या टपावर सामान बांधत असाल तर रबरी आकडे नकोत. ते ताणले जातात, सामान हलतं, आणि सुटलेला आकडा डोळ्यावर बसला तर दृष्टी जाऊ शकते. न ताणणारे, घट्ट करता येणारे पट्टे वापरा. पट्टा सपाट न ठेवता त्याला एक पीळ द्या, वाऱ्याने होणारी घरघर थांबते. निघाल्यावर थोड्या अंतरावर गाडी थांबवून पट्टे पुन्हा आवळा, कारण सामान बसल्यावर ते हमखास ढिले पडतात.

वजन आणि बॅटरी

घरच्या वजनकाट्यावर आधी एकटे उभे राहा, मग बॅग घेऊन. फरक म्हणजे बॅगेचं वजन. तिकिटावरची मर्यादा २३ किलो असेल तर २२वर थांबा. एका बॅगेचं वजन ३२ किलोंच्या वर बहुतेक कंपन्या पैसे भरूनही घेत नाहीत, कारण ती माणसांना उचलायची असते.

पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, ती हातातच न्यायची. १०० वॅट-तासांपर्यंतची साधारणपणे चालते; १०० ते १६०पर्यंत कंपनीची परवानगी लागते. वर एमएएच लिहिलेले असतील तर त्यांना ३.७ने गुणून १,०००ने भागा: २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॅट-तास भरते. हातातली बॅग ऐनवेळी दारात काढून घेऊन खाली पाठवली जाते, तेव्हा पॉवर बँक आत राहून जाते. म्हणून ती पहिल्याच कप्प्यात असावी.

बॅग आलीच नाही, किंवा फुटून आली

निघण्यापूर्वी मागच्या प्रवासाचे सगळे कागदी टॅग आणि छोटे बारकोड सोलून काढा. जुना बारकोड वाचला गेला तर बॅग भलतीकडे जाऊ शकते. बाहेरच्या चिठ्ठीवर नाव आणि फोन पुरे, घराचा पत्ता नको. तीच माहिती आणि मुक्कामाचा तपशील आतही ठेवा, कारण बाहेरची चिठ्ठी तुटते. बॅगेचा एक फोटो, उघड्या बॅगेचा एक फोटो, आणि काउंटरवर मिळालेल्या टॅगच्या पावतीचा एक. टॅगवर छापलेली विमानतळाच्या कोडची तीन अक्षरं तुमच्या शेवटच्या मुक्कामाचीच आहेत ना, हे काउंटरवरच वाचा. एअरटॅगसारखं छोटं यंत्र आत टाकलंत तर बॅग कुठे आहे हे तुम्हाला आधी कळतं, आणि आता अनेक कंपन्या त्याची लिंक तपासासाठी स्वीकारतात.

बॅग आली नाही किंवा फुटली असेल तर विमानतळातून बाहेर पडण्याआधी सामानाच्या काउंटरवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९चा मॉन्ट्रियल करार लागू असेल तर नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिराबद्दलची २१ दिवसांत करावी लागते. २१ दिवसांत बॅग आली नाही तर ती हरवली असं धरता येतं. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४पासून माणशी १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. देशांतर्गत प्रवासाचे नियम आणि मर्यादा वेगळ्या असतात, त्या तिकिटाच्या अटींत असतात. बॅग येईपर्यंत घ्यावे लागलेले कपडे आणि गरजेच्या वस्तू यांच्या पावत्या जपून ठेवा, आणि तुटलेली बॅग दावा मिटेपर्यंत फेकू नका.